जळगावचा जुना रूम पार्टनर येतोय: भरीत घरी करू की बाहेर जेवायला नेऊ?

पऱ्हाटी

मंडळी, नमस्कार. सल्ला हवाय. तो जेवणाचा आहे की माणसाचा, हे माझं मलाच ठरत नाहीये, म्हणून सगळंच सांगतो. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी मूळचा यावल तालुक्यातला, आता बरीच वर्षं पुण्यात, सिंहगड रस्त्याला. १९९४ ते ९७ जळगावात डिप्लोमा करताना एका मित्राबरोबर खोली घेऊन राहायचो. त्याला इथे सुऱ्या म्हणू. खोली पत्र्याची, मालकाच्या गोठ्याला लागून. उन्हाळ्यात आत थांबणं अशक्य आणि पावसाळ्यात बाहेर. मेसचं जेवण रविवारी संध्याकाळी बंद असायचं, म्हणून हिवाळ्यात आम्ही शनिवारीच एसटीने त्याच्या गावी, बामणोदला पळायचो. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो, भरताच्या वांग्यांसाठी दोन गावांची नावं घेतात, असोदा आणि बामणोद. बाकीचे काय म्हणायचं ते म्हणोत.

सुऱ्याचे वडील, आबा, मळ्यात बांधाजवळ कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवायचे आणि त्यात ती हिरवट-पांढरी लांबोडकी वांगी टाकायचे. वांगी सोलायची आणि बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचायची आम्ही दोघांनी. आबांचा दंडक असा की जो ठेचेल त्याचं ताट पहिलं. त्यामुळे मुसळीसाठी आमच्यात ओढाओढ चालायची.

पुढे मी भोसरीत कंपनीत लागलो, तो दीपनगरला वीज केंद्रात. काही वर्षं पत्रं, मग लँडलाईन, मग काहीच नाही. भांडण वगैरे अजिबात नाही, राहत गेलं. मध्यंतरी कुणीतरी बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि वीसेक वर्षांनी त्याचा फोन आला. "काय भो!" म्हणाला, तेव्हा बरं वाटलं. पण त्यानंतरचे आमचे सगळे फोन एकाच वळणाचे. मुलं काय करतात, तुझं बीपी, माझी शुगर, तिकडे थंडी पडली का. पाच मिनिटांच्या आत गाडी थांबते. मग तो म्हणतो, "चल ठेवतो, ड्युटी आहे." ड्युटी नसते, हे मलाही कळतं.

त्याची मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तिला भेटायला डिसेंबरअखेर तो आणि वहिनी येताहेत, आणि रविवारी जेवायला आमच्याकडे यायचं कबूल केलंय. गेल्या वर्षी त्याची अँजिओप्लास्टी झाली. हे त्याने सांगितलेलं नाही, दुसऱ्याकडून कळलं.

तर माझ्यापुढे मार्ग असे. एक, खानदेशी हॉटेलात न्यायचं: शेवभाजी, भरीत, बिल देऊन मोकळं. दोन, गच्चीवर भरीत पार्टी. पण आमच्या सेक्रेटरींनी गच्चीवर जाळ करायला साफ नाही म्हटलंय. तीन, सौ.च्या हातचं जेवण. सौ. रत्नागिरीच्या. वांगं भाजून त्यात दही घालतात, त्यालाच भरीत म्हणतात. या विषयावर आमच्या घरात लग्नापासून युद्धबंदी आहे.

खरी धास्ती जेवणाची नाही. बारा ते चार आम्ही बोलणार काय?

---

तापीकाठ

भाऊ, धागा वाचून पोट खवळलं. हॉटेलचा विचारच नको. हॉटेलात वेटर दर दहा मिनिटांनी "और कुछ?" विचारतो, आणि बाहेर रविवारची लाइन उभी असते. जुना मित्र काय बोलणार तिथे?

भरीत करा. गच्ची नसली तरी होतं. सांगतो.

वांगी: पुण्यात बाजारात मिळतात ती जांभळी, गोल. त्यांच्या नादी लागू नका. चिखली, निगडी, भोसरी या भागात आपली माणसं भरपूर, तिथल्या भाजीवाल्यांकडे हिवाळ्यात हिरवी भरताची वांगी येतात. पण सगळ्यात खात्रीचं म्हणजे गावाकडून मागवणं. रात्री जळगावहून निघणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाडीत भावाला पोतं टाकायला सांगा, ड्रायव्हरचा नंबर घ्या, सकाळी नाशिक फाट्यावर उतरवून घ्या. आमच्याकडे अर्धा हिवाळा असाच येतो. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पोत्यावर त्याचा शिक्का नसतो, तेव्हा पाठवणारा माणूस विश्वासाचा बघा. आकाराने मोठं आणि हाताला हलकं असलेलं वांगं घ्या, त्यात बी कमी. जड लागलं की समजा बियांनी भरलंय.

सहा माणसांना अडीच-तीन किलो. भाजून सोलल्यावर निम्मं उरतं, घाबरू नका. पऱ्हाट्या नाहीत तर कोळशाची शेगडी, तीही नाही तर गॅसची आच. वांग्याला सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचा, नाहीतर फुटतं आणि स्वयंपाकघरभर उडतं. वरचं साल पूर्ण काळं होऊ द्या, देठापाशी बोट दाबून बघा, तिथेच कच्चं राहतं. भाजलं की पातेल्यात घालून झाका, साल हाताने निघेल. सोललेलं वांगं पाण्याखाली धरलंत तर आपली ओळख नाही असं समजेन.

किलोला पंधरा-वीस हिरव्या मिरच्या आणि एक गड्डा लसूण, तव्यावर भाजून, मीठ घालून आधी ठेचायचा. मग वांगं. बडगी नसेल तर काथवटीत लाकडी मुसळीने. मिक्सर लावलात तर त्याची चटणी होते. रेषा राहिल्या पाहिजेत. फोडणीत तेलावर जिरं, मूठभर शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, मग कांद्याची पात, मग वांगं. हळद नाही, टोमॅटो तर नाहीच नाही. टोमॅटो घालतात त्याला उत्तरेकडे दुसरं नाव आहे.

---

आंबेमोहोर

मी तुमच्या सौ.च्या बाजूने. दह्यातल्या भरताला का नावं ठेवता हो? सात मिनिटांत होतं आणि पोटाला थंड. 😄

थट्टा सोडा. धाग्यात एवढं लिहिलंत, पण सौ.ना विचारल्याचा उल्लेख कुठे दिसला नाही. रविवारी स्वयंपाकघर कुणाचं, हे आधी ठरवा. जुना मित्र आला की पुरुष बाहेर बसून आठवणी काढतात आणि आत दोन अनोळखी बायका पोळ्या लाटत एकमेकींना "तुमच्याकडे डाळ कशी करतात?" विचारत राहतात. त्या वहिनी चार तास तुमच्या बायकोशी काय बोलणार, याची धास्ती कुणालाच कशी वाटली नाही?

आणि त्याची मुलगी इथेच वसतिगृहात आहे ना? तिला बोलवा. मेसचं खाऊन वैतागलेली पोरगी टेबलाशी असली की गप्पांची काळजी नको. तिच्या एखाद्या मैत्रिणीलाही आणू दे.

---

गुल्टेकडी

मी उलटं सांगणार आहे, हलके घ्या.

जळगावच्या माणसाला पुण्यात भरीत? तो डिसेंबरात आठवड्याआड भरीत खात असणार. बामणोदच्या माणसापुढे तुम्ही गॅसवर भाजलेलं वांगं ठेवणार आणि तो तोंडदेखलं "छान झालंय भो" म्हणणार. परीक्षा कशाला द्यायची? त्याला जे तिकडे मिळत नाही ते द्या. तुम्ही सिंहगड रस्त्यालाच राहता. सकाळी लवकर गाडीने गडावर न्या, वरपर्यंत रस्ता आहे, चढायची गरज नाही. पिठलं, भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. समोर मोकळा डोंगर असला की गप्प बसलं तरी चालतं, घरच्या सोफ्यावर गप्प बसणं अवघड.

---

तापीकाठ

@गुल्टेकडी, रविवारी सकाळी सिंहगड? घाटात गाड्यांची रांग लागते, तुम्ही पुण्याचेच आहात ना? आणि आठवड्याआड भरीत कोण खातं? नोकरदार माणसाला पऱ्हाट्या पेटवायला वेळ कुठाय. तिकडेही आता भरीत सेंटरवरून किलोने विकत आणतात.

---

गुल्टेकडी

रांगेत उभं राहून मित्राशी बोलता येतं की. बरं, राहिलं.

---

गोदाघाट

अँजिओप्लास्टीचं वाचलं म्हणून लिहितोय. मी नाशिकला असतो, २०१९ मध्ये मला दोन स्टेंट पडले. डॉक्टर नाही, फक्त अनुभवी.

पहिली गोष्ट, त्याच्यासाठी वेगळं ताट करू नका. लग्नकार्यात जाईन तिथे कुणीतरी मोठ्याने म्हणतं, "काकांचं वेगळं काढून ठेवलंय!" आणि सगळी पंगत माझ्याकडे बघते. पुढ्यात बिनमिठाची दुधीची भाजी. भूक मरते हो.

वहिनींना आधी फोन करा आणि मीठ-तेलाचं नेमकं पथ्य विचारा. कुणाचं बीपी चढतं, कुणाची किडनी नाजूक, प्रत्येकाचं वेगळं. मग सगळ्यांसाठीच तसं करा. भरीत त्याबाबतीत गुणी आहे, तेल तुमच्या हातात असतं. तापीकाठ यांच्या फोडणीत पार्टीच्या हिशेबाने वाटीभर तेल जाईल, तुम्ही दोन-तीन चमच्यांत भागवा, किंवा फोडणी न देता कच्चं भरीत करा. भाजलेलं वांगं, मिरची-लसणाचा ठेचा, कांद्याची पात, कोथिंबीर, वरून कच्च्या तेलाची धार. मला तर तेच जास्त आवडतं, धुराचा वास त्यात राहतो. मीठ खरं लपतं पापड, लोणचं, शेव आणि भरताबरोबरच्या तळलेल्या पुऱ्यांत. ते टेबलावर आणूच नका, म्हणजे नाही म्हणायची वेळ त्याच्यावर येणार नाही.

आणि अँजिओप्लास्टीचा विषय तुम्ही काढू नका. काढायचा तर तो काढेल. माणूस आपल्या हृदयाबद्दल समोरासमोर बसून बोलत नाही, हाताला काहीतरी चाळा लागतो. कोळशाची शेगडी लावणार असाल तर उघड्यावर लावा, बंद गॅलरीत नको. कोळशाच्या वायूला वास नसतो आणि तो जीव घेतो.

---

पऱ्हाटी

सगळ्यांचे आभार. ठरलं, भरीतच. सेक्रेटरींना पुन्हा भेटलो. गच्चीला नाहीच म्हणाले, पण पार्किंगच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ शेगडी चालेल, राख मी उचलायची आणि त्यांच्या घरी एक डबा पोचवायचा. ते सोलापूरचे आहेत, शेंगाचटणीच्या बदल्यात हा व्यवहार पक्का झाला.

आंबेमोहोर ताई, सौ.ना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "या बाईंना जेवायला बोलवा." मुलीलाही निरोप गेलाय, मैत्रिणीसह येतेय.

वहिनींशी बोललो. मीठ कमी, तेल कमी, बाकी मोकळीक. आता शेवटचा प्रश्न कळण्याच्या भाकरीचा. पीठ इथे मिळत नाही आणि प्रमाण आठवत नाही. आई होती तेव्हा विचारायची गरज पडली नाही.

---

फैजपूरची लेक

दादा, चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद, सालासकट, काळेच. डाळ घेऊ नका, पांढरं आणि चिकट होतं. आमच्याकडे दळतानाच खडेमीठ टाकतात, पण पथ्य आहे तर तुम्ही मिठाशिवाय दळून आणा. गिरणीवाल्याला आधी सांगून ठेवा. उडदाची साल त्याच्या जात्यात राहते आणि पुढच्याच्या गव्हात उतरते, मग तो भांडतो. आमचा इथला गिरणीवाला ज्वारीच्या घाण्यानंतरच घेतो.

पीठ कोमट पाण्याने मळा. उडदामुळे चिकटपणा येतो, नुसत्या ज्वारीपेक्षा थापायला सोपी जाते, पण जाड थापली तर आतून कच्ची राहते. खरपूस होऊ द्या. सौ. कोकणातल्या आहेत म्हणजे तांदळाची भाकरी येत असणार, हातात कला आहे, जमेल.

आणि एक ऐका. त्यांना आल्याआल्या सोफ्यावर बसवून पाणी, चहा, बिस्किटं असला पाहुणचार करू नका. वांगी ते आल्यावरच शेगडीवर टाका. मित्राला पाट द्या आणि सोलायला बसवा. वहिनींना कांद्याची पात निवडायला द्या, पोरींना लसूण. तिकडच्या माणसाला भरताच्या दिवशी रिकामं बसवलं तर त्याला आपण परके वाटतो. माझे वडील तर ज्यांच्याकडे काम सांगत नाहीत त्यांच्याकडे पुन्हा जात नसत.

---

आंबेमोहोर

मी खरंच येणार आहे हां. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

पऱ्हाटी

काल पार पडलं, कळवायला हवं.

वांगी धाकट्या भावाने ट्रॅव्हल्समध्ये टाकली होती. सकाळी साडेसहाला नाशिक फाट्यावर पोतं उतरवलं, बाजूला धुकं आणि एक चहावाला. आठ किलो पाठवली पठ्ठ्याने, तीन सांगितली होती.

सुऱ्या साडेअकराला आला. केस गेलेत, चाल बदललीय, हसू तेच. फैजपूरच्या ताईंचं ऐकून थेट पार्किंगमागे नेलं. पोत्यात हात घालून त्याने एक वांगं काढलं, वजन बघितलं, देठ बघितला आणि म्हणाला, "ही बामणोदची नाहीत. असोद्याची आहेत." मी म्हटलं, भावाने बामणोदचीच म्हणून घेतलीत. "मग त्याला फसवलं." इथून जे सुरू झालं ते अर्धा तास चाललं. मधेच भावाला फोन लावला. तो म्हणाला, बाजारातून घेतली, गाव कोण विचारतं. सुऱ्याची मुलगी आणि तिची मैत्रीण व्हिडिओ काढत होत्या. माझ्या मुलाने बापाला इतकं मोठ्याने भांडताना प्रथमच पाहिलं असावं.

शेगडी लहान पडली, वांगी तीन खेपांत भाजावी लागली. त्यामुळे जेवायला अडीच वाजले, पण त्याचं वाईट वाटलं नाही. कारण सोलत असतानाच सुऱ्याने आपण होऊन सांगायला सुरुवात केली. नाईट शिफ्ट, डाव्या हाताला मुंग्या, कुणाला न सांगता मोटारसायकलवर भुसावळला दवाखान्यात गेला. वहिनींना दुसऱ्या दिवशी कळलं. मान वर न करता सांगत होता, हाताला काळी साल चिकटलेली. गोदाघाट, तुमची आठवण झाली. मी काही बोललो नाही, फक्त पुढचं वांगं त्याच्याकडे सरकवलं. मग आबांचं. जाऊन सहा वर्षं झाली त्यांना. बडगी माळ्यावर आहे म्हणाला, मुसळीला वाळवी लागली.

ठेचायला काथवट होती. त्याचा दंड अजून दुखतो म्हणून मी मुसळी घेतली, तर म्हणाला, "म्हणजे पहिलं ताट तुझं? इतक्या वर्षांनी हाच डाव?" शेवटी ठेचलं त्याच्या मुलीने, आणि पहिलं ताट तिने घेतलंही. नियम तिला आधीच माहीत होता. म्हणजे घरी सांगितला होता त्याने.

फोडणीचं आणि कच्चं, दोन्ही केली होती. कळण्याच्या पहिल्या दोन भाकऱ्या मोडल्या, नंतर वहिनींनी परात स्वतःकडे ओढली आणि सौ. शेजारी उभ्या राहून शिकल्या. संध्याकाळपर्यंत दोघींचं कुळथाच्या पिठाचं पार्सल ठरलंय. आमचा त्यात संबंध नाही.

आता @आंबेमोहोर ताई, तुमच्यासाठी. सौ.नी वाटीभर दह्यातलं भरीत कोपऱ्यात ठेवलंच होतं. सुऱ्याने ते दोनदा घेतलं. मी बघितलं तर म्हणाला, "पथ्याला बरं असतं." बामणोदचा माणूस!

चार कुठले, निघाले तेव्हा साडेसात झाले होते.

अवांतर: साडेचार किलोच्या आसपास वांगी उरली आहेत, टवटवीत आहेत. सिंहगड रस्ता, धायरी, वडगाव भागात कुणाला हवी असतील तर व्यनि करा, पैसे नकोत. असोद्याची की बामणोदची, ते विचारू नका.

---

गुल्टेकडी

दोन किलो माझी. दही घालूनच करणार आहे, आधीच सांगतो.

---

तापीकाठ

@पऱ्हाटी, याला देऊ नका.